पाच ढीग : जुन्या शाळेच्या पाडकामाच्या प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४

नगरपरिषदेच्या जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीचे निर्लेखन (म्हणजे ती नोंदीतून काढून पाडणे) मंजूर झाल्याचे पत्र आज हाती आले, आणि समन्वयक म्हणून ही नोंदवही आजपासून सुरू करीत आहे. इमारतीचे दोन भाग आहेत. पश्चिमेकडील चार खोल्या दगडी जोत्यावर, चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतींच्या, सागवानी तुळयांच्या आणि मंगलोरी कौलांच्या आहेत. पूर्वेकडील तीन खोल्या १९८५ च्या सुमारास काँक्रीटच्या कॉलम-स्लॅबवर उभारलेल्या आहेत. जुन्या भागाचे छप्पर गळते, पण भिंती अजून ओळंब्यात आहेत. नव्या भागाच्या स्लॅबमधील सळया गंजून फुगल्या आहेत आणि खालच्या बाजूने खपल्या पडू लागल्या आहेत. त्यामुळे खरी धोकादायक इमारत हीच, वयाने लहान असलेली.

याच भूखंडावर अंगणवाडीच्या दोन खोल्या, कुंपणाची भिंत आणि फरसबंद आवार मंजूर आहे. म्हणजे पाडायचे आणि बांधायचे अशी दोन्ही कामे एकाच जागी, काही महिन्यांच्या अंतराने होणार आहेत. आजवरची रीत अशी की निर्लेखित इमारतीचा लिलाव होतो, सर्वांत जास्त बोली लावणारा साग, लोखंड आणि चांगली कौले घेऊन जातो, आणि उरलेला राडारोडा रात्रीतून नाल्यात किंवा नदीच्या पात्रात जाऊन पडतो. त्यानंतर नव्या कामासाठी वाळू, मुरूम, खडी आणि वीट विकत आणली जाते, आणि त्यातली वाळू पुष्कळदा त्याच पात्रातून वर काढलेली असते. जुन्या शाळेतला जास्तीत जास्त माल नव्या अंगणवाडीत किंवा गावातल्याच दुसऱ्या कामात लागावा आणि त्यासाठी संबंधित सगळ्यांनी आधी एकत्र बसून ठरवावे, एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे.

९ डिसेंबर २०२४

पहिली बैठक नगरपरिषदेच्या सभागृहात झाली. नगर अभियंता, स्वच्छता निरीक्षक, वास्तुविशारद, तंत्रनिकेतनातील काँक्रीट प्रयोगशाळेचे अध्यापक, भुसावळकडील एक फ्लाय ॲश विटांचे उत्पादक, एक खडी क्रशर मालक आणि दोन बांधकाम ठेकेदार उपस्थित होते. चर्चा दोन तास चालली आणि चांगली झाली. फ्लाय ॲश वीटवाल्यांनी सांगितले की ते दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख, चुना, जिप्सम आणि खडीची कच वापरतात. कचेच्या जागी दळलेल्या राडारोड्याचा बारीक चुरा घालून पाहण्याची त्यांची तयारी आहे. राखेबाबत त्यांनी एक मोलाचा मुद्दा मांडला. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतील बांधकामांना राख आणि राखेची उत्पादने वापरण्याचे बंधन घातले आहे, आणि अख्खे खानदेश त्या वर्तुळात बसते. एकेकाळी शेतांवर उडणारी राख आज रीतसर कच्चा माल झाली आहे, कारण ती कोणी द्यायची, कोणी न्यायची आणि वाहतूक कोणाच्या पदरची, हे कागदावर ठरले. राडारोड्याबाबत असे काहीही ठरलेले नाही.

मात्र एका साध्या प्रश्नाचे उत्तर सभागृहातील एकालाही देता आले नाही: पश्चिमेकडच्या भिंतींमधून किती विटा अखंड निघतील? एक ठेकेदार म्हणाले, “साहेब, हे पाडणाऱ्याला विचारा, आम्ही बांधणारे.” पाडणारा बैठकीला नव्हता, कारण निमंत्रितांची यादी मी केली होती आणि तिच्यात पाडकाम करणारे ठेकेदार, विटा सोलणाऱ्या बाया, ट्रॅक्टरवाले आणि भंगारवाले यांच्यापैकी कोणाचेही नाव नव्हते. ही चूक माझी आहे आणि ती पुढच्या आठवड्यातच दुरुस्त करायची आहे.

१६ डिसेंबर २०२४

आज ज्यांना सगळा तालुका नाना म्हणतो ते पाडकामाचे जुने ठेकेदार आणि त्यांच्याकडे विटा सोलण्याचे काम करणाऱ्या दोघीजणी यांच्यासह इमारत खोली-खोलीने पाहिली. त्या दोघींपैकी थोरल्या ताईंनी पश्चिमेच्या भिंतीशी उभे राहून बिजागरीच्या तुटक्या तुकड्याने एक सांधा खरवडला. चुना पिठासारखा झरला. त्यांनी वीट दोन बाजूंनी मोकळी केली, हलवली आणि ओढून हातात घेतली. तळहातावर आपटली तेव्हा ती खणखणीत वाजली. मग त्या पूर्वेच्या भागात गेल्या आणि सिमेंटमधील वीट तशीच काढून पाहिली. सांधा जागचा हलला नाही, विटेचाच कोपरा उडाला.

मी पुस्तकात शिकलो आणि वर्गात शिकवले ते हेच, पण ते असे हातात घेऊन कधी पाहिले नव्हते. चुन्याचा सांधा विटेपेक्षा दुबळा असतो, म्हणून भिंत उकलते आणि वीट वाचते. सिमेंटचा सांधा विटेपेक्षा बळकट, म्हणून भिंत उकलत नाही, फुटते. जुन्या बांधकामात माल परत वापरायची सोय मुळातच होती. आपल्याकडची धाब्याची घरे उतरवताना सागाच्या तुळया आणि कड्या एका घरातून दुसऱ्या घरात जात, कारण त्या खाच-खुंटीने जोडलेल्या असत; आणि पडक्या गढीची पांढरी माती शेतकरी गाडीने शेतात नेत. आम्ही ज्या पद्धतीसाठी बैठका घेत आहोत, तिची सवय आमच्या गावांना पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत होती.

ताईंनी आणखी एक गोष्ट दाखवली. जोत्यालगतचे खालचे तीन थर लोणा (ओलीबरोबर चढलेला क्षार) लागलेले आहेत. त्या विटा सोलल्या तरी नव्या भिंतीत घालू नयेत, गिलावा धरणार नाही. मी विचारले, की मागच्या लिलावांच्या वेळी हे कोणाला सांगितले होते का. त्या म्हणाल्या, “आमले कोनी इचारं नही.”

नानांचे म्हणणे सरळ होते. जेसीबी लावला तर इमारत दोन दिवसांत भुईसपाट होईल आणि हाती फक्त लोखंड व तुटका साग येईल. हाताने उतरवली तर तीन आठवडे लागतील, पण कौल, रीप, वासा, तुळई, वीट आणि दगड या क्रमाने सगळे वेगळे निघेल. त्या तीन आठवड्यांची मजुरी कोणी सोसायची, हे आधी सांगा, असे ते म्हणाले. सगळ्या प्रकल्पाची गाठ इथे आहे, अशी माझी आज खात्री झाली.

२८ डिसेंबर २०२४

लिलावाच्या अटींचा मसुदा पूर्ण केला. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियमांत दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन यापेक्षा जास्त कचरा निर्माण करणाऱ्याने काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि वीट व मसाला असे चार प्रकार वेगळे करणे बंधनकारक आहे. आमची इमारत त्या मर्यादेत येईलच असे नाही, पण वर्गवारी चांगली असल्याने ती स्वीकारली, लोखंड-लाकूड बोली लावणारा नेणार असल्याने त्या जागी दगडाचा ढीग घेतला आणि अखंड विटांचा पाचवा ढीग जोडला. त्याच नियमांत महापालिका-नगरपालिका आणि शासकीय कामांच्या कंत्राटांत अशा कचऱ्यापासून तयार केलेला माल १० ते २० टक्के वापरण्याचा उल्लेख आहे, त्यामुळे नगर अभियंत्यांना अटी घालण्यास आधार मिळाला.

अट थोडक्यात अशी आहे. बोली लावणाऱ्याने इमारत हाताने उतरवायची, यंत्र फक्त पूर्वेकडच्या स्लॅब आणि पायासाठी वापरायचे. साग, लोखंड आणि कौले त्याची. काँक्रीट, अखंड वीट, विटांचे तुकडे, दगड आणि माती आवारातच आखून दिलेल्या जागी पाच ढिगांत रचून द्यायची. त्यासाठी वेगळी अनामत रक्कम राहील आणि ढीग तपासल्यावरच ती परत मिळेल. या अटींमुळे बोली कमी येईल आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, अशी रास्त शंका मुख्याधिकाऱ्यांनी काढली. त्यावर वास्तुविशारदांनी अंगणवाडीच्या अंदाजपत्रकातून जोत्याची भर, पायाखालचे साधे काँक्रीट आणि गच्चीचा कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) या बाबींवरील वाचणारा खर्च बोलीतील घटीच्या समोर मांडून दाखवला. दोन आकडे एकाच कागदावर आल्यावर निर्णय सोपा झाला. आजवर ते दोन वेगळ्या फायलींत राहत होते.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. लिलाव काल झाला. बोली अपेक्षेपेक्षा फार खाली गेली नाही. काम नानांनाच मिळाले.

६ फेब्रुवारी २०२५

कौले उतरवून झाली, रीपा आणि वासे निघाले. जुन्या सागाच्या तुळयांना आतून वाळवी नाही, फक्त भिंतीत बसलेली टोके कुजली आहेत. नानांनी ती कापून बाकीच्या तुळया लाकडाच्या व्यापाऱ्याला दाखवल्या. अंगणवाडीच्या दारांच्या चौकटींसाठी त्यातल्या दोन तुळया नगरपरिषदेने बाजारभावाने परत घ्याव्यात, असे वास्तुविशारदांनी सुचवले आणि नाना त्याला तयार झाले.

मागच्या पडवीवर सिमेंटचे पत्रे आहेत, ते ॲस्बेस्टॉसचे निघाले. हे पत्रे फोडले तर त्याचा तंतू हवेत जातो आणि फुप्फुसात राहतो, म्हणून ते न फोडता, पाणी मारून ओले ठेवून, बोल्ट काढून अखंड उतरवले, प्लास्टिकमध्ये गुंडाळून कुलूपबंद खोलीत ठेवले. त्यांचा कुठल्याही ढिगाशी संबंध येता कामा नये. ते धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडेच जातील. मजुरांना हे समजावताना कळले, की याआधी असे पत्रे सर्रास फोडून भर म्हणून घातले गेले आहेत. त्या मजुरांपैकी कोणाच्याही तोंडाला कधी साधा रुमालही नव्हता.

कापसाची शेवटची वेचणी चालू असल्याने मजूर कमी आहेत, पण वीट सोलण्याचे काम थांबलेले नाही. एक वीट पूर्ण सोलायला थोरल्या ताईंना मनात वीस अंक मोजण्याइतका वेळ लागतो. मी मोजले, तेव्हा चुन्याच्या भिंतीतील दर १०० विटांमागे सुमारे ७० अखंड निघत होत्या.

२० फेब्रुवारी २०२५

आज मोठा धक्का बसला. काल शिवजयंतीची सुट्टी होती आणि आवारात कोणी नव्हते. रात्री बाहेरच्या एका ट्रॅक्टरवाल्याने गावातील दुसऱ्या कामाचा राडारोडा आमच्या काँक्रीटच्या ढिगावर आणून ओतला. त्यात दुकानाच्या छताचे पीओपी, फुटलेल्या टाइल्स, थर्माकोल आणि रंगाचे डबे होते. टाइल्स आणि डबे वेचता येतात. पीओपी पायाखाली चुरून बारीक झालेले होते आणि ढिगाच्या वरच्या थरात मिसळले होते.

पीओपी म्हणजे जिप्सम, आणि जिप्सममधील सल्फेट सिमेंटशी संयोग पावून काँक्रीटला आतून फुगवते व तडे पाडते. काँक्रीटखालच्या भरावातही ते चालत नाही. प्रयोगशाळेच्या अध्यापकांनी ढिगाचा वरचा भाग सरळ बाजूला काढायला सांगितले, आणि जवळजवळ तीन ट्रॉल्यांचा माल आम्हाला गमवावा लागला. तो कुठे न्यायचा हाही प्रश्नच होता.

त्या ट्रॅक्टरवाल्याला शोधून काढले. तो भांडला नाही. त्याचे म्हणणे असे, की घरमालक त्याला प्रत्येक खेपेचे पैसे देतो आणि कुठे टाकायचे ते सांगत नाही. गावात रीतसर जागा कुठेच नाही. आमच्या आवारात ढीग दिसले म्हणून त्याला वाटले की इथे टाकायला सुरुवात झाली आहे. मला त्याचा राग आला होता, पण त्याच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. संकलनाची जागा देणे ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, आणि ती जागा नसताना दोष फक्त शेवटच्या माणसाला देणे मला पटत नाही. आता आवाराला तारेचे कुंपण घातले, प्रत्येक ढिगावर पाटी लावली, आणि गावातील सर्व ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांना पुढच्या बैठकीचे निमंत्रण दिले.

३ मार्च २०२५

काल रविवारी क्रशरवर काँक्रीट दळून आणले. मालक गेले दोन आठवडे टाळत होते आणि त्यांचे कारण योग्य होते: आमच्याकडचा काळा बेसॉल्ट कितीही कठीण असला तरी त्यात सळई नसते, पण काँक्रीटमधली सळई जबड्यात अडकली तर पट्ट्या तुटतात आणि आठवडाभर धंदा बंद पडतो. शेवटी भंगारवाल्यांनी हा प्रश्न सोडवला. स्लॅबचे तुकडे घणाने फोडून सळया काढण्याचे काम त्यांनी लोखंडाच्या मोबदल्यात स्वतःकडे घेतले आणि सळई दिसणारा एकही तुकडा ट्रॉलीत जाऊ दिला नाही. क्रशर मालकांनी पट्ट्याच्या तोंडाशी स्वतः उभे राहून चार तास माल पाहिला. या दोघांची ओळख यापूर्वी नव्हती, त्यांचे क्रशर आणि यांचे गोदाम एकाच रस्त्यावर असूनही.

१२ मार्च २०२५

प्रयोगशाळेचे निकाल आले. दळलेल्या काँक्रीटची खडी नेहमीच्या बेसॉल्टच्या खडीपेक्षा कितीतरी पट पाणी शोषते, कारण प्रत्येक खड्याला जुन्या सिमेंटचा थर चिकटलेला असतो. यावर उपाय साधा आहे: खडी आदल्या दिवशी भिजवून ठेवायची आणि वापरताना वरचे पाणी निथळू द्यायचे.

ते न केल्यास काय होते हे आज गवंड्यांनी प्रत्यक्ष पाहिले. पहिला घाणा मुद्दाम कोरड्या खडीचा केला. पाच मिनिटांत काँक्रीट करणीला चिकटेनासे झाले, आणि मिस्त्रींनी सवयीने पाण्याची बादली उचलली. अध्यापकांनी त्यांचा हात धरला. वरून ओतलेले पाणी खडी पिते तेवढे पिते आणि उरलेले सिमेंट पातळ करते, ताकद जाते. दुसरा घाणा भिजवलेल्या खडीचा केला. तो लोण्यासारखा पसरला. मिस्त्री काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी स्वतः पुढच्या दिवसाची खडी भिजत घातली.

वापराच्या मर्यादा आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत स्पष्ट आहेत. काँक्रीट दळून केलेली जाड खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ (एम हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा, आकडा मोठा तेवढी ताकद जास्त) पर्यंतच्या आरसीसीमध्ये, म्हणजे सळईच्या काँक्रीटमध्ये, २० टक्क्यांपर्यंत, आणि एम-१५ च्या खालच्या कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के चालते. आम्ही आरसीसीत ती अजिबात घालणार नाही. मुलांच्या डोक्यावरचा स्लॅब हा प्रयोगाचा विषय नाही, यावर बैठकीत सर्वांचे एकमत होते. पायाखालचे आणि फरशीखालचे साधे काँक्रीट तेवढे पूर्णपणे या खडीचे होईल.

२६ मार्च २०२५

ज्या अडचणीची कोणालाही कल्पना नव्हती ती आज समोर आली. अंगणवाडीच्या बांधकाम ठेकेदारांनी जोत्यात आमचा विटांचा आणि दगडांचा चुरा भरायला नकार दिला. आमच्याकडे काळी कापसाची माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून ती काढून मुरूम भरावा लागतो, आणि अंदाजपत्रकात बाब मुरुमाची आहे. मुरूम हे गौण खनिज असल्याने ब्रासमागे (ब्रास म्हणजे १०० घनफूट) ६०० रुपये स्वामित्वधन (रॉयल्टी) भरल्याची पावती बिलाला जोडावी लागते. पावती नसल्यास तेवढी रक्कम बिलातून कापली जाते. आमच्या भरावाची पावती असणारच नाही, कारण तो खाणीतून आलेला नाही. ठेकेदारांचे म्हणणे असे, की माल फुकट मिळूनही कपात मात्र माझ्याच माथी येणार असेल, तर मी पावतीचा मुरूमच आणतो.

त्यांना दोष देता येत नाही. लेखा विभागालाही नाही, कारण स्वामित्वधन बुडवून काढलेल्या मुरुमाला आळा बसावा म्हणूनच ही कपात असते. चोरीच्या मुरुमासाठी लावलेल्या चाळणीत आमचा राडारोडा अडकला आहे.

तीन तास चर्चा झाल्यावर तोडगा असा निघाला: नगर अभियंत्यांनी ढिगाचे मोजमाप घेऊन, कोणत्या इमारतीतून किती ब्रास माल निघाला याचे उगम प्रमाणपत्र द्यायचे, मोजमाप पुस्तिकेत मुरुमाऐवजी ‘पाडकामातील साहित्याची भर’ अशी वेगळी बाब घ्यायची, तिचा दर फक्त वाहतूक, पसरणे, पाणी मारणे आणि धुम्मस (ठोकून दाबणे) यांचा ठेवायचा, आणि अशा मालावर स्वामित्वधन लागू नसल्याचे स्पष्टीकरण तहसील कार्यालयाकडे लेखी मागायचे. ठेकेदार उगम प्रमाणपत्रावर काम सुरू करायला तयार झाले, हे त्यांचे धाडस आहे आणि त्याची मी इथे आवर्जून नोंद करतो.

१७ एप्रिल २०२५

केंद्र शासनाच्या बांधकाम व पाडकाम कचऱ्याबाबतच्या २०२५ च्या नव्या नियमांची अधिसूचना या महिन्यात आली. ते १ एप्रिल २०२६ पासून लागू होतील. २०,००० चौरस मीटर आणि त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांवर उत्पादकाची विस्तारित जबाबदारी येणार आहे, म्हणजे निघालेल्या कचऱ्याच्या पुनर्वापराचा हिशेब त्यांना द्यावा लागेल. मोठ्या शहरांसाठी हे आवश्यकच होते.

पण २०,००० चौरस मीटरची एकही इमारत आमच्या तालुक्यात पाडली जात नाही. आमचा राडारोडा एक जुने घर, दोन वर्गखोल्या, एक दुकान असा थोडा थोडा आणि रोज निघतो. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत १ लाख २० हजार रुपयांच्या अनुदानात किमान २५ चौरस मीटरचे घरकुल उभे करणारा लाभार्थी आधी आपले मातीचे घर उतरवतो, आणि त्याचा साग किंवा दगड पैशाच्या नडीने मिळेल त्या भावाला विकतो. हा माणूस कोणत्याही मर्यादेच्या खाली आहे. त्यामुळे नियमांच्या खालची ही व्यवस्था गावालाच उभी करावी लागेल, असे मी आज नगरपरिषदेला दिलेल्या टिपणीत लिहिले.

जोत्याची भर पूर्ण झाली. सहा-सहा इंचांचे थर, पाणी आणि धुम्मस. तिसऱ्या थरावर मिस्त्रींनी सळई रोवून पाहिली, ती आत गेली नाही.

५ मे २०२५

आखाजी (अक्षय तृतीया) झाली. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, घरोघरी सांजोऱ्या आणि पुरणपोळ्या. आठवडाभर वीट सोलण्याचे काम पूर्ण बंद होते. मी वेळापत्रकात ही सुट्टी धरली नव्हती, आणि थोरल्या ताईंनी ते मला शांतपणे सांगितले. पुढच्या वेळापत्रकात ती पहिल्यांदा लिहीन.

आज त्या परत आल्या आणि मजुरीचा विषय निघाला. आतापर्यंत हजार विटांमागचा दर नानांनी ठरवला होता आणि फुटलेल्या विटेचे पैसे मिळत नव्हते. पण फुटलेली वीटही वाया जात नाही. तिचे तुकडे गच्चीच्या कोब्याला लागतात, आणि लोक त्यासाठी वीटभट्टीवरून तुकडा विकत आणतात. म्हणजे ताईंच्या कामातून दोन माल तयार होत होते आणि मोल एकाचेच मिळत होते. आम्ही नाना, ताई आणि नगर अभियंता असे बसून तुकड्यांचा टोपलीमागे वेगळा दर ठरवला. नाना आधी नाराज झाले, मग तुकड्याचा बाजारभाव त्यांनीच सांगितला.

अंगणवाडीच्या कुंपणाला वापरून उरलेल्या अखंड विटा घरकुलाच्या सात लाभार्थ्यांना नव्या विटेच्या निम्म्या दराने देण्यात आल्या. लोणा लागलेल्या तिन्ही थरांच्या विटा वेगळ्या ठेवल्या आहेत, त्या कोणाच्याही भिंतीत जाणार नाहीत.

१६ मे २०२५

राज्य मंत्रिमंडळाने या आठवड्यात कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केले आणि तिच्यावरचे स्वामित्वधन ब्रासला ६०० वरून २०० रुपये केले. क्रशर मालकांचा लगेच फोन आला. त्यांना वाळूचे यंत्र बसवायचे आहे आणि त्यात महिन्यातून दोन रविवार काँक्रीट दळायची तयारी आहे, पण माल आजच्यासारखाच सळईविना आणि पीओपीविना आला पाहिजे, ही त्यांची अट. दगडाच्या वाळूला सवलत मिळाली, मग जुन्या काँक्रीटपासून केलेल्या खडीला का नको, असे त्यांनी मला विचारले. प्रश्न त्यांचा असला तरी तहसील कार्यालयाकडे पाठवलेल्या स्मरणपत्रात मी तो माझ्या शब्दांत घातला आहे. पहिल्या पत्राचे उत्तर अजून आलेले नाही.

२४ मे २०२५

चार दिवसांपासून अवेळी पाऊस पडत आहे. आवारातली काळी माती चिखल झाली आहे, ट्रॉली फाटकातच रुतते. अंगणवाडीचे जोते मात्र कोरडे आणि पक्के आहे. कडेने पाणी साचले तरी फरशीखालच्या काँक्रीटला भेग नाही. एम-१० च्या ठोकळ्यांची २८ दिवसांची ताकद अपेक्षेपेक्षा वर आली, ती मोजमाप पुस्तिकेला जोडली. स्लॅब पावसाच्या उघडिपीत होईल.

ट्रॅक्टरवाल्यांची बैठक तिसऱ्या प्रयत्नात झाली. गावाबाहेरील गुरचरणाच्या कडेची एक जागा संकलनासाठी तात्पुरती देण्याचे नगरपरिषदेने मान्य केले आहे, आणि घरमालकाने बांधकाम परवानगीच्या वेळीच पाडकामाचा माल कुठे जाणार ते लिहून द्यावे, अशी अट परवानगीच्या नमुन्यात येईल. फेब्रुवारीत आमच्या ढिगावर माल टाकणारा ट्रॅक्टरवाला बैठकीला पहिल्या रांगेत होता. त्याने मागितले, की त्या जागेवर रात्री दिवा आणि एक माणूस असावा, नाहीतर जागा असूनही पीओपी काँक्रीटवरच पडेल. हे नोंदवून घेतले.

जवळच्या खेड्यातील जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्यांचे निर्लेखन होणार असल्याचे नानांनी स्वतः फोन करून कळवले, आणि मोजमाप होण्याच्या आधी भिंती पाहून घेऊ असे म्हणाले. थोरल्या ताईंचा निरोपही त्यांच्याकडेच होता: लिलावाच्या अटींत यंदा सोलणाऱ्या बायांसाठी सावली आणि पिण्याच्या पाण्याची सोय लिहा. मसुद्यात ती अट सहाव्या क्रमांकावर घातली आहे. सोमवारी सकाळी आठ वाजता, पाऊस थांबला असेल तर, नाना, ताई आणि मी त्या खोल्यांवर जाणार आहोत.